गेंड्याचे कुरण : काझीरंगा

पुस्तकातील गेंड्याचे चित्र दाखवून 'हा आसामात आढळतो' एवढे सांगितले की आपला धडा सहसा संपतो. तो तेथेच का टिकला, हे मात्र बोईसर-तारापूरकडील मुलासही आपल्या शिवारातील गवतावरून समजावून देता येईल.

काझीरंगा म्हणजे निबिड अरण्य अशी समजूत असते. वस्तुतः त्याचा बराच भाग कुरणच होय. आपल्याकडील गवत पुरुषभर वाढले तरी पुष्कळ; तेथील गवतात हत्तीही दिसेनासा होतो. हे गवत ब्रह्मपुत्रेच्या पुरावर पोसते. नदी गाळ पसरते, 'बील' नावाची तळी भरते व त्यांतील जलपर्णी वाहून नेते. पूर आला नाही तर झाडी माजून कुरण आक्रसते. महापुरात मात्र जनावरे दक्षिणेस कार्बी आंगलाँगच्या टेकड्यांकडे धावतात आणि वाटेत महामार्ग आडवा येतो. सूर्या-वैतरणेचा पूर पाहिलेल्या मुलांस ही दोन्ही रूपे चटकन उमगतील.

शिंगासाठी गेंड्याचा फार संहार झाला. १९०८ साली हे रान राखीव झाले, १९७४ साली राष्ट्रीय उद्यान ठरले. २०२२ च्या गणनेत तेथे २,६१३ गेंडे आढळले. शिंग औषधी असते ही समजूत निराधार आहे. आपली नखे व केस ज्या द्रव्याचे, त्याचेच ते बनलेले असते, हे वर्गात अवश्य सांगावे. सप्टेंबर २०२१ मध्ये आसाम सरकारने साठवलेली २,४७९ शिंगे जाहीरपणे जाळली, ती याच कारणास्तव.

म्हशीच्या पाठीवर बसणारा गायबगळा मुलांच्या ओळखीचा. तेथे तो गेंड्याच्या संगतीने वावरतो. बिलांत झोळीवाले व हिवाळी बदके उतरतात. आपल्या तणमोराचा एक मोठा भाऊबंद याच गवतात राहतो. तो आता अतिशय दुर्मीळ आहे.

सहलीचा बेत करणाऱ्या शिक्षकांची अडचण सुट्यांची आहे. पावसाळ्यात उद्यान बंद असते. दिवाळीत ते उघडलेले असले तरी गवत उंच असते. ते जाळल्यानंतर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, जनावरे उत्तम दिसतात, पण तेव्हा आपल्या परीक्षा जवळ येतात! मुंबईहून आगगाडीने गुवाहाटी व तेथून मोटारीने सुमारे दोनशे किलोमीटरवरील कोहोरा गाठावे. गेंड्यांसाठी पश्चिमेचा बागोरी विभाग व पक्ष्यांसाठी पूर्वेचा अगरातोली विभाग निवडावा.