तारेवरच्या विमानात बॅटरी का जिंकते?
दोन बारीक तारांच्या टोकाला विमान फिरतं, मधे मूठ धरून वैमानिक. ‘एफ२बी’ या कसरतींच्या स्पर्धेत तारा जास्तीत जास्त 21.5 मीटर, वेळ 7 मिनिटं. गुण वेगाला नव्हे, आकृतीच्या नेटकेपणाला. इंजिनाच्या विमानात इंधन जळतं तशी पुढची टाकी हलकी होते, तोल मागे सरकतो, आणि शेवटच्या गिरक्यांना विमान हाताला वेगळंच लागतं. बॅटरीचं वजन उतरेपर्यंत तेवढंच. शिवाय गव्हर्नर पंख्याच्या फेऱ्यांवर लक्ष ठेवतो. विमान चढू लागलं की मोटारीला जादा वीज पुरवतो. बॅटरी जड, हा आक्षेप खराच. पण टाकी, इंधन, सायलेन्सर गेल्यावर तो बराचसा फिटतो. ‘मग कौशल्य कसलं?’ हा प्रश्न मात्र फुसका. चौकोनी लूपचा कोपरा गव्हर्नर मारत नाही, मनगट मारतं.