फिनलंडची चिठ्ठी, एस्टोनियातले औषध

फिनलंडमधल्या डॉक्टरने लिहून दिलेले औषध एस्टोनियातल्या दुकानातून घेण्याची सोय जानेवारी २०१९मध्ये सुरू झाली. रुग्णाला सोबत कागद न्यावा लागत नाही. तो ओळखपत्र दाखवतो, फार्मासिस्ट त्याच्या नावावरची चालू प्रिस्क्रिप्शन्स संगणकावर पाहतो, औषध देतो आणि ते दिल्याची नोंद फिनलंडच्या केंद्रीय नोंदवहीत परत जाते. म्हणजे रुग्ण घरी परतला की त्याच्या डॉक्टरला कोणत्या गोळ्या घेतल्या गेल्या आणि किती शिल्लक आहेत हे दिसते. युरोपीय संघात दोन देशांमध्ये हे प्रथमच घडले. पुढच्याच वर्षी एस्टोनियाची प्रिस्क्रिप्शन्स फिनलंडमध्ये चालू लागली आणि नंतर क्रोएशिया, पोर्तुगाल, पोलंड असे देश या साखळीत आले.

हेलसिंकी आणि टॅलिन या दोन राजधान्यांमध्ये जेमतेम ८० किलोमीटरचा समुद्र आहे. बोटीने दोन तास लागतात आणि कामासाठी, नातेवाइकांसाठी, सुट्टीसाठी दोन्हीकडून सतत ये-जा असते. तरी केवळ जवळीक पुरेशी नव्हती. एस्टोनियाने २००१पासून सरकारी खात्यांमधली माहिती सुरक्षितपणे इकडून तिकडे नेणारी ‘एक्स-रोड’ ही व्यवस्था उभारली होती. फिनलंडने तीच स्वीकारली आणि २०१७मध्ये दोघांनी मिळून तिच्या देखभालीसाठी टॅलिनला एक संस्था काढली. औषधांची माहिती युरोपीय संघाच्या वेगळ्या जाळ्यावरून, प्रत्येक देशाने नेमलेल्या संपर्क केंद्रामार्फत जाते. पण एकमेकांच्या नोंदींवर विसंबण्याची सवय या शेजाऱ्यांना आधीच लागलेली होती. शिवाय दोन्ही देशांनी २०१०पासून प्रिस्क्रिप्शन संगणकावर आणायला सुरुवात केली होती. घरातल्या नोंदी कागदावर असतील तर शेजाऱ्याला द्यायला काही उरत नाही.

ही सोय सर्वांसाठी असली तरी तिची खरी गरज वृद्धांना आहे. युरोपीय संघात आज दर पाच माणसांमागे एकाहून अधिक जण ६५ वर्षांवरचे आहेत. तरुणाचे दुखणे बहुधा एक असते आणि ते बरे होते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला रक्तदाब, मधुमेह, सांधेदुखी, हृदयाचा त्रास अशी दुखणी एकत्र असतात. प्रत्येकाचा डॉक्टर वेगळा आणि गोळ्याही वेगळ्या. एका डॉक्टरने दिलेली गोळी दुसऱ्याच्या गोळीशी न जुळल्यामुळे वृद्ध माणूस चक्कर येऊन पडतो, त्याचे खुब्याचे हाड मोडते आणि चालता-फिरता माणूस अंथरुणाला खिळतो. हे टाळण्यासाठी मोठ्या शोधाची गरज नसते. त्याने काय काय घेतले आहे, हे समोरच्या डॉक्टरला त्या क्षणी दिसणे पुरेसे असते.

दिसणे म्हणजे समजणे मात्र नव्हे. एस्टोनियातल्या फार्मासिस्टला फिनिश वाचता येईलच असे नाही. एकच औषध दोन देशांत दोन वेगळ्या व्यापारी नावांनी विकले जाते. म्हणून प्रिस्क्रिप्शन शब्दांत न पाठवता संकेतांकांत पाठवले जाते: औषधातला मूळ घटक कोणता, त्याची मात्रा किती, गोळी आहे की इंजेक्शन, दिवसातून किती वेळा घ्यायचे. पलीकडच्या संगणकावर हे संकेतांक स्थानिक भाषेत उलगडतात. त्यासाठी सर्व देशांनी आधी एका समान सूचीवर सहमत व्हावे लागते आणि हे काम अतिशय वेळखाऊ असते. अमली गुणधर्मांची आणि दुकानात मिश्रण करून दिली जाणारी औषधे या सोयीतून वगळलेली आहेत, कारण त्यांचे नियम देशागणिक बदलतात. पैशांचेही तसेच. फिनलंडचा रुग्ण एस्टोनियात पूर्ण किंमत मोजतो आणि विम्याचा परतावा नंतर घरी मागतो.

आजार, लक्षणे आणि उपचार यांच्यासाठी जगभर वापरला जाणारा असाच एक मोठा संकेतकोश म्हणजे ‘स्नोमेड सीटी’. तो चालवणारी आंतरराष्ट्रीय संस्था २००७मध्ये नऊ देशांनी स्थापन केली. भारत २०१४मध्ये तिचा सदस्य झाला आणि भारतापुरते हे काम पुण्याच्या सी-डॅक या संगणन संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय केंद्राकडे आले. सप्टेंबर २०२१मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये रुग्णाला १४ अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो आणि त्याच्या संमतीने नोंदी एका रुग्णालयातून दुसरीकडे पाहता येतात, अशी रचना आहे. उपचारांसाठी हद्द ओलांडणे महाराष्ट्रालाही परके नाही. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याचे रुग्ण बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जातात. चंदगडचे बेळगावला जातात, तर निपाणी-अथणीकडचे मिरजेला येतात. २०११च्या जनगणनेत देशात साठीपुढच्या लोकांचे प्रमाण ८.६ टक्के होते. महाराष्ट्रात ते ९.९ आणि गोव्यात ११.२ टक्के होते. राज्याची हद्द ओलांडताना या वृद्धांबरोबर आजही बहुतेकदा प्लॅस्टिकच्या पिशवीतली फाइलच प्रवास करते.

युरोपात चिठ्ठीच्या या प्रवासाला दशकभराहून अधिक काळ लागला. आरोग्यसेवा कशी चालवायची, हा अधिकार युरोपीय संघाच्या करारांनी सदस्य देशांकडेच ठेवला आहे. ब्रसेल्सला हुकूम काढता येत नव्हता. समजूत घालावी लागत होती. २००८ ते २०१४ या काळात ‘एपसॉस’ नावाच्या प्रकल्पात वीसहून अधिक देशांनी रुग्णाचा सारांश, म्हणजे त्याच्या आरोग्याची थोडक्यात माहिती, आणि प्रिस्क्रिप्शन यांची देवाणघेवाण करून पाहिली. २०११मध्ये परदेशात उपचार घेण्याच्या हक्काचा कायदा झाला आणि त्यात देशांच्या आरोग्य-माहिती यंत्रणांचे एक ऐच्छिक मंडळ स्थापन झाले. ऐच्छिक असल्यामुळे काही देश पुढे गेले आणि काही वर्षानुवर्षे उंबरठ्यावर थांबले.

नोंदींबरोबरच दुसरा प्रवाह वाहत होता, तो वृद्धांच्या घरातल्या उपकरणांचा. त्यासाठी २००८मध्ये सुमारे वीस देशांनी एक संयुक्त कार्यक्रम सुरू केला. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘एएएल’ या नावाने ओळखला जातो. वृद्धांना आपल्या घरात अधिक काळ स्वतंत्रपणे राहता यावे, हा त्याचा हेतू. पहिल्या टप्प्यात युरोपीय संघाने १५ कोटी युरोपर्यंत आणि २०१४नंतरच्या दुसऱ्या टप्प्यात १७.५ कोटी युरोपर्यंत वाटा देऊ केला. बाकीचा पैसा सदस्य देशांचा आणि उद्योगांचा. यातली अट लक्षात ठेवण्यासारखी होती. प्रत्येक प्रकल्पात किमान तीन देशांचे भागीदार हवेत, एखादा लघुउद्योग हवा आणि उपकरण प्रत्यक्ष वापरणाऱ्यांची, म्हणजे वृद्धांची किंवा त्यांची काळजी घेणाऱ्यांची, संस्थाही हवी. प्रयोगशाळेत बसून वृद्धांसाठी काय हवे हे ठरवण्याला त्यामुळे आळा बसला. पडल्यावर आपोआप सूचना देणारे संवेदक, गोळ्यांची आठवण करणारे डबे, स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी सोपे पडदे असलेली उपकरणे, अशा गोष्टींवर काम झाले. तयार झालेल्या वस्तूंपैकी बाजारात टिकलेल्या मात्र थोड्या. एका देशातली नगरपालिका जे विकत घेते, ते दुसऱ्या देशात विमा कंपनी घेते आणि तिसऱ्यात कुटुंबाला स्वतःच्या खिशातून घ्यावे लागते. छोट्या कंपनीला या तिन्ही ग्राहकांपर्यंत पोहोचणे परवडत नाही.

उपकरणांनी खरेच किती फरक पडतो, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर उत्साही मंडळींना वाटते तितके सरळ नाही. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल, केंट आणि लंडनमधला न्यूअम या तीन भागांत २००८पासून मोठा प्रयोग झाला. मधुमेह, हृदयाची दुर्बलता किंवा फुप्फुसांचा जुनाट आजार असलेल्या ३,२३० जणांपैकी काहींना घरी मोजमापाची उपकरणे दिली, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. वर्षभरात उपकरणे असलेल्या गटात ४.६ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्या गटात ८.३ टक्के. हे आकडे २०१२मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. पुढच्या वर्षी खर्चाचा हिशोब आला: चांगल्या आरोग्याचे एक वर्ष मिळवायला सुमारे ९२,००० पौंड पडत होते. ब्रिटनमध्ये त्या वेळी साधारणपणे २० ते ३० हजार पौंडांपर्यंतचा खर्च योग्य मानला जात असे.

डेन्मार्कने याच प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. उत्तर डेन्मार्कमध्ये प्रादेशिक आरोग्य प्रशासन, नगरपालिका आणि कुटुंबाचे डॉक्टर एकत्र आले. फुप्फुसांचा जुनाट आजार, ज्याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात, तो असलेल्या १,२२५ रुग्णांना या चाचणीत घेतले. कोणत्या नगरपालिका विभागाला उपकरणे द्यायची, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले. रुग्णाच्या घरी टॅब्लेट, रक्तदाबाचे यंत्र, वजनकाटा आणि बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारा चिमटा आला. आकडे नगरपालिकेच्या परिचारिकेला दिसत. बिघाड वाटला की ती फोन करी. इथेही सर्व रुग्णांचा मिळून हिशोब महागच निघाला, आरोग्याच्या एका वर्षाला सुमारे ५५,००० युरो. पण आजार बऱ्यापैकी बळावलेल्या रुग्णांपुरते पाहिले, तर चित्र बरे होते. यातून निघणारा अर्थ स्पष्ट आहे: उपकरण सरसकट वाटण्याची वस्तू नाही. ते कोणाला द्यायचे, त्याचे आकडे कोण पाहणार आणि आकडा बिघडला तर घरी कोण जाणार, हे ठरवल्याशिवाय ते कपाटात पडून राहते. डेन्मार्कमध्ये रुग्णालये प्रदेशांकडे आणि घरपोच काळजी नगरपालिकांकडे असते. त्यामुळे या दोघांनी जबाबदारी वाटून घेणे हाच प्रयोगाचा कणा होता; टॅब्लेट बाजारात कोणालाही मिळतो.

एका प्रदेशातला अनुभव दुसऱ्याला उपयोगी पडावा म्हणूनही युरोपात पद्धतशीर प्रयत्न झाला. ‘सिरॉको’ या प्रकल्पात स्कॉटलंड, स्पेनमधला बास्क प्रदेश, स्वीडनच्या उत्तर टोकाचा नोरबॉटन, इटलीच्या टाचेतला पुलिया आणि चेक प्रजासत्ताकातला ओलोमोउत्स हे पाच प्रदेश होते. नोरबॉटनमध्ये वस्ती विरळ, अंतरे अफाट आणि हिवाळा दीर्घ. पुलियात उन्हाळा कडक आणि कुटुंबाचा आधार मोठा. दोघांना एकच साचा लागू पडणे शक्य नाही. म्हणून प्रत्येक प्रदेशाने बारा मुद्द्यांवर स्वतःला शून्य ते पाच गुण द्यायचे: नेतृत्व आहे का, पैशांची सोय आहे का, डॉक्टर आणि समाजसेवक एकत्र काम करतात का, नागरिकांचे म्हणणे विचारले जाते का. एकाच प्रदेशातल्या रुग्णालयाच्या आणि नगरपालिकेच्या लोकांनी एकमेकांसमोर बसून हे गुण ठरवायचे, ही यातली सर्वांत मोलाची पायरी. मग ज्याचा जो मुद्दा कच्चा, त्याने तो पक्का असलेल्याकडून शिकायचे. काय नक्कल करता येईल याइतकेच काय नक्कल करता येणार नाही, हेही त्यातून कळते.

तंत्रज्ञान बदलताना जुने वापरणारे मागे राहतात, हा धोका वृद्धांच्या बाबतीत जिवावर बेततो. गळ्यात किंवा मनगटावर बांधलेले संकटकाळचे बटण युरोपात कित्येक दशके वापरात आहे. ते दाबले की तारेच्या टेलिफोनवरून मदतकेंद्राला फोन जातो. तारांचे जुने जाळे बंद करून सर्वत्र इंटरनेटवर चालणारे फोन आणले जाऊ लागले, तेव्हा वीज गेल्यावर हे बटण मुके होण्याची भीती निर्माण झाली. स्वीडनने मोबाइल जाळ्यावर चालणारी बटणे तुलनेने लवकर आणली. ब्रिटनमध्ये याच चिंतेमुळे जुनी व्यवस्था बंद करण्याची मुदत २०२५च्या अखेरीवरून जानेवारी २०२७पर्यंत पुढे ढकलण्यात आली.

घरात संवेदक बसले की खासगीपणाचा प्रश्न येतोच. युरोपच्या मे २०१८पासून लागू झालेल्या माहिती-संरक्षण कायद्यात आरोग्याची माहिती विशेष जपणुकीची ठरवली आहे. तरी स्मृतिभ्रंश झालेल्या आजीची संमती कोणी द्यायची, मुलाच्या फोनवर वडिलांच्या प्रत्येक हालचालीची सूचना जाणे योग्य आहे का, हे कायद्याच्या कलमाने सुटत नाही. संमती एकदाच घेऊन भागत नाही; आजार वाढेल तसे पुन्हा विचारावे लागते आणि तो वेळ काळजी घेणाऱ्यांना द्यावा लागतो. सुरक्षिततेच्या नावाखाली वृद्धांवर पाळत ठेवली जाऊ नये, ही काळजी रास्त आहे आणि ती उपकरण विकत घेण्याआधीच करायला हवी.

मार्च २०२५मध्ये युरोपीय संघात आरोग्य-माहितीचा नवा कायदा अमलात आला आणि ऐच्छिकपणाचा काळ संपत आला. प्रिस्क्रिप्शन आणि रुग्णाचा सारांश सर्व सदस्य देशांमध्ये पाहता येण्याची मुदत मार्च २०२९ची आहे. एक्स-रे, स्कॅन, रक्ताचे अहवाल आणि रुग्णालयातून सोडतानाची कागदपत्रे यांना मार्च २०३१पर्यंत वेळ दिला आहे. रोज घरी येऊन आंघोळ घालणारी, जेवण भरवणारी मदतनीस ज्या वहीत ‘आज पायऱ्या चढताना दम लागला’ किंवा ‘दोन दिवस जेवण कमी’ असे लिहिते, ती नोंद या सक्तीच्या यादीत नाही. वृद्ध माणूस ढासळू लागल्याची पहिली खूण बहुधा त्याच वहीत असते. रुग्णालयाच्या नोंदी आणि घरच्या काळजीच्या नोंदी एकत्र आणण्याचे काम त्यामुळे प्रत्येक देशावर आणि त्यातल्या प्रदेशांवर सोपवलेले राहिले आहे.