पेडल दुपारीच का चढतं?

ब्रेकच्या पेडलच्या तक्रारी मुख्यतः दोन. पाय खोल बुडत असेल तर पाइपात हवा शिरली आहे, कुठे तरी ब्रेक ऑइल गळतंय किंवा मास्टर सिलिंडरचं रबर गेलंय, असा संशय घ्यायचा. पेडल घट्ट होऊन पायाला दादच देत नसेल, तर आधी बूस्टरकडे वळायचं. बहरीनमध्ये ही दुसरी तक्रार उन्हाळ्यात वाढते, असं खेडचे चाचा सांगतात. सलमाबादच्या गॅरेजांमध्ये त्यांची उमर गेली आहे. आमच्या गाडीवर त्यांचा हात कसा चालला, ते मी शेजारी उभं राहून पाहिलं.

आमचं पेडल सकाळी अगदी मऊ असायचं. गुरुवारी दुपारनंतर किंग फहद कॉजवेवर सौदीकडे जाणाऱ्या रांगेत एसी लावून सरकत राहिलं की ते चढायला लागायचं. 1986 साली खुला झालेला हा 25 किलोमीटरचा रस्ता. पण मधल्या बेटावरच्या चौक्यांपाशी सुट्टीच्या तोंडावर गाड्या इंचाइंचाने पुढे जातात आणि पाय सतत ब्रेकवर राहतो. गाडी थांबायची, पण मांडीला रग लागेपर्यंत दाबावं लागायचं. एका ठिकाणी बूस्टरच बदलायला सांगितलं होतं. चाचा म्हणाले, "बदलायला काय, कधीपण बदलू. आधी बघू तर दे."

बूस्टर म्हणजे ड्रायव्हरच्या समोर, बॉनेटखाली मागच्या पत्र्याला बसवलेला काळा गोल डबा. इथे स्टिअरिंग डाव्या हाताला, त्यामुळे तोही डावीकडे; भारतातल्या सवयीने माझी नजर आधी उजवीकडे गेली. डब्यात रबराचा पडदा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंची हवा इंजिन ओढून घेतं. पेडल दाबलं की केबिनच्या बाजूने बाहेरची हवा आत शिरते आणि पडद्याला पुढे ढकलते. 9 इंची पडदा आणि चांगला व्हॅक्यूम असेल तर हा धक्का अडीचशे किलोच्या घरात जातो. आपल्या पायात तेवढी ताकद नसते, म्हणूनच बूस्टरची मदत आटली की पेडल दगडासारखं वाटतं. ब्रेक तेव्हाही लागतो, पण अचानक गाडी थांबवायची वेळ आली तर तेवढा जोर पायाला सापडेलच असं नाही. ही तक्रार पुढच्या आठवड्यावर ढकलू नये, असं मला तेव्हापासून ठामपणे वाटतं.

पहिली परीक्षा कोणालाही घरी करता येते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, म्हणजे डब्यातला साठा संपतो आणि पेडल कडक होतं. मग पाय तसाच दाबून धरायचा आणि इंजिन सुरू करायचं. बूस्टर कामाचा असेल तर पेडल पायाखाली थोडं खाली सरकतं. आमचं सरकलं. दुसरी परीक्षा उलटी: इंजिन बंद करून थोडा वेळ थांबायचं आणि मग पेडल दाबायचं. पहिला दाब मऊ लागला म्हणजे डब्याच्या तोंडाचा एकतर्फी व्हॉल्व्ह हवा परत जाऊ देत नाही. तीही पास. पेडलपाशी फुसफुस नाही, पेडल दाबल्यावर इंजिन अडखळत नाही, म्हणजे पडदाही फाटलेला नाही. चाकं उचलून फिरवून पाहिली. कॅलिपर कुठेच अडकलेलं नव्हतं.

इथे बरेच जण गाडी ठीक आहे म्हणून चावी परत देतील. चाचांनी इंजिन चालूच ठेवलं, एसी लावला, बॉनेट बंद केलं आणि गाडी उन्हात उभी केली. पंखा वारंवार सुरू व्हायला लागल्यावर त्यांनी बूस्टरच्या तोंडाशी गेज लावलं. समुद्रसपाटीला निरोगी पेट्रोल इंजिन साधारण 18 ते 22 इंच पारा दाखवतं. महाबळेश्वरला तेच इंजिन चार-पाच इंच कमी दाखवेल. एसीचा भार आला की आणखी थोडं उतरतं आणि बहरीनच्या उन्हाळ्यात एसी कोण बंद करतो? पण आमच्या गेजवर लक्षात आलं ते वेगळंच. काटा चांगल्या आकड्यावर होता. पेडल दाबून सोडलं की तो खाली यायचा आणि परत वर चढायला फार वेळ घ्यायचा. थंड गाडीत तो झटकन चढला होता. इंजिनकडचा आकडा पाहिला, तो जागेवर स्थिर.

दोन्हीच्या मध्ये उरला फक्त रबरी पाइप. चाचांनी तो फडक्यात धरून दाबला आणि मला हात लावायला सांगितलं. इंजिनकडचा भाग तेलाच्या वाफेने फुगून मऊ पडला होता. कापल्यावर आतलं अस्तर सुटून पडद्यासारखं लोंबत असलेलं दिसलं. उष्णतेने पाइप नरम झाला की ओढीने हे अस्तर मध्ये येऊन वाट अरुंद करायचं. बूस्टर भरायचा, पण हळू. रांगेत पुन्हा पुन्हा पेडल दाबल्यावर भरायला सवडच मिळत नव्हती.

नवा पाइप व्हॅक्यूमसाठी बनवलेलाच हवा, यावर चाचा अडून बसले. पाण्याचा किंवा पेट्रोलचा साधा पाइप त्याच मापाचा मिळतो, स्वस्तही पडतो, पण ओढ लागली की चपटा होतो. नवा बसवून क्लिपा आवळल्या, गाडी पुन्हा उन्हात तापवली आणि गेज पुन्हा लावलं. आता पेडल सोडताच काटा वर जात होता.

जाता जाता त्यांनी ब्रेक ऑइलही पाहिलं. डॉट 4 ऑइल कोरडं असताना किमान 230 अंशांना उकळतं. ओलावा शोषल्यावर ही मर्यादा 155पर्यंत घसरू शकते आणि चहूबाजूंनी समुद्र असलेल्या या बेटावर हवेत ओलावा भरपूर. घट्ट पेडलशी त्याचा संबंध नव्हता, पण ते काळवंडलं होतं, म्हणून बदललं. चावी देताना चाचा म्हणाले, "परत झालं तर सकाळी नको येऊ, भाऊ. दुपारी ये, इंजिन गरम असतानाच."