खोडलेले पूर्वज

मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ गावात बरिअल हिल नावाची टेकडी आहे. तिथे जॉन हाउलंडच्या नावाचा दगड उभा आहे आणि त्यावर मृत्यूचं साल कोरलंय ते असं : १६७२/३. कोरणाऱ्याला खात्री नव्हती की काय, असं पहिल्यांदा वाटतं. पण इंग्लंडात आणि त्याच्या वसाहतींत १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. हाउलंड गेला २३ फेब्रुवारीला. त्याच्या शेजाऱ्यांच्या लेखी १६७२ अजून सरायचं होतं, आपल्या लेखी १६७३ लागलं होतं. जुन्या दप्तरात 'एप्रिल १६४० लग्न, फेब्रुवारी १६४० पहिलं मूल' अशी नोंद दिसली की नवखा माणूस घराण्याची अब्रू गेली म्हणून हादरतो. मूल खरं तर लग्नानंतर दहा महिन्यांनी झालेलं असतं.

याच दगडावर आणखी एक गोष्ट मुद्दाम कोरलेली आहे. हाउलंडची बायको एलिझाबेथ ही जॉन टिलीची मुलगी. मुद्दाम अशासाठी, की घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या समज वेगळा होता. हाउलंड 'मेफ्लॉवर' जहाजावर आला तो प्लिमथ वसाहतीचा पहिला गव्हर्नर जॉन कार्व्हर याचा नोकर म्हणून. वाटेत वादळात तो समुद्रात फेकला गेला, लोंबणारा शिडाचा दोर हाती लागला म्हणून वाचला. अशा माणसाने गव्हर्नरच्या नातीशी लग्न केलं, ही कथा कुणाला नको असेल? पुढचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने वसाहतीचा इतिहास स्वतः लिहून ठेवला होता, पण ते हस्तलिखित अमेरिकन क्रांतीच्या धामधुमीत नाहीसं झालं. १८५५ साली ते सापडलं लंडनच्या बिशपच्या फुलम येथील ग्रंथसंग्रहात. १८५६ मध्ये ते छापलं गेलं. त्यात ब्रॅडफर्डने उतारवयात केलेली एक यादी आहे : जहाजावर कोणती कुटुंबं होती, कोण मेलं, कुणाला किती मुलं झाली. तिने हाउलंडांचा गव्हर्नर काढून घेतला आणि त्याच्या जागी पहिल्याच हिवाळ्यात बायकोसकट मेलेला एक साधा माणूस दिला.

वसाहतकारांपर्यंत कूळ नेण्याच्या या छंदाकडे मागे वळून पाहिलं तर मला हाच धागा दिसतो. या दीड-पावणेदोन शतकांतलं खरं काम पूर्वज शोधण्याचं जितकं, त्याहून जास्त पूर्वज खोडण्याचं आहे.

सुरुवात भाबडी होती. १८४५ मध्ये बोस्टनला न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जीनिअलॉजिकल सोसायटी निघाली. १८६० ते ६२ दरम्यान जेम्स सॅव्हेज याने मे १६९२ पूर्वी आलेल्यांचा चार खंडी कोश काढला. हा अभ्यासकांचा उद्योग होता. शतकाच्या शेवटी मात्र रंग पालटला. १८९० मध्ये क्रांतीत लढलेल्यांच्या वंशज स्त्रियांची डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन, १८९२ मध्ये एलिस बेटावरचं स्थलांतरितांचं ठाणं, १८९४ मध्ये बोस्टनलाच स्थलांतर रोखू पाहणारी लीग, १८९७ मध्ये मेफ्लॉवर वंशजांची सोसायटी. ही सालं ओळीने मांडली की वेगळं काही सांगावं लागत नाही. इटलीतून, पूर्व युरोपातून माणसं बोटी भरभरून उतरत होती आणि आधी उतरलेल्यांना आपण किती आधी उतरलो याचा दाखला हवा होता.

मागणी तसा पुरवठा. न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावर गुस्ताव आंजू नावाचा गृहस्थ पैसेवाल्यांना वंशावळी तयार करून देत असे. खऱ्या नोंदींच्या मधोमध तो खोटं मृत्युपत्र किंवा एखाद्या चर्चच्या नसलेल्या रजिस्टरातली नोंद बसवायचा आणि हवा तो उमराव जोडून द्यायचा. गंमत अशी की आंजू स्वतः स्वीडनहून आलेला ताजा स्थलांतरित होता आणि हे नावही त्याचं मूळचं नव्हतं. ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. इथे तर शोधणाऱ्याचंच कूळ शोधायला हवं होतं. त्याच्या वंशावळी छापल्या गेल्या, त्यांवरून दुसऱ्यांनी उतरवल्या आणि अजूनही कुणाच्या ना कुणाच्या घरातल्या झाडाला त्या लटकलेल्या सापडतात.

झाडू हातात घेतला तो डोनाल्ड लाइन्स जेकबस याने. १९२२ मध्ये न्यू हेवनमधून त्याने नियतकालिक सुरू केलं. पुढे त्याचंच 'द अमेरिकन जीनिअलॉजिस्ट' झालं. त्याचा आग्रह एकच : प्रत्येक दुव्याला कागद दाखवा, आणि कागद त्या काळच्या भाषेत वाचा. सतराव्या शतकातल्या कागदात सासू म्हणून लिहिलेली बाई बऱ्याचदा सावत्र आई निघते. 'ज्युनियर' हा मुलगाच असेल असं नाही. गावात त्याच नावाचा वयाने लहान असा पुतण्याही असू शकतो, परकाही. एवढ्यानेच कितीतरी बाप बदलले.

हे काम संपलेलं नाही. १९८८ मध्ये रॉबर्ट चार्ल्स अँडरसन याने १६२० ते १६४० या काळात न्यू इंग्लंडला आलेल्या सुमारे २०,००० लोकांचा नव्याने छडा लावायला घेतला. मेफ्लॉवरवरचा स्टीफन हॉपकिन्स ग्लॉस्टरशायरचा, असं कितीतरी वर्षं छापलं जात होतं. १९९८ मध्ये त्याच्या कुटुंबाच्या नोंदी हँपशायरमधल्या हर्स्ली गावात मिळाल्या आणि ग्लॉस्टरशायरचे सगळे आजे-पणजे एका फटक्यात उडाले.

आज घरबसल्या शोधणाऱ्याची गाडी मात्र सतराव्या शतकात अडत नाही. ती अडते १८५० च्या अलीकडे-पलीकडे. जनगणना १७९० पासून आहे, पण १८५० पर्यंत तीत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत. बाकीची माणसं म्हणजे रकान्यातले आकडे. नेमक्या त्याच काळात माणसं न्यू इंग्लंड सोडून न्यूयॉर्क, ओहायोकडे सरकली. गुलामांना १८५० मध्येही नाव नव्हतंच. वय, लिंग, रंग आणि मालकाचं नाव. यूटामधल्या वंशावळींच्या संस्थेने १९३८ पासून जगभरची दप्तरं मायक्रोफिल्मवर उतरवली, आपल्याकडच्या हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा. पण जे लिहिलंच नाही त्याची फिल्म कशी काढणार? डीएनएचंही कौतुक बेतानेच करावं. बाराव्या पिढीत पूर्वजांच्या जागा ४,०९६ होतात आणि त्यातल्या बहुतेकांचा अंशही आपल्यात उतरलेला नसतो.

ब्रॅडफर्डच्या यादीतही रिकाम्या जागा आहेत. जेम्स चिल्टन, त्याची बायको आणि मुलगी मेरी. बायकोला नाव नाही. इंग्लंडातल्या सँडविच गावी १६०९ मध्ये, चर्चला न कळवता मूल पुरलं म्हणून तिला बहिष्कृत केलं होतं. तिथल्या नोंदीतही ती 'जेम्स चिल्टनची बायको'च आहे. मेरीचे वंशज आज पदकं लावून मिरवतात, त्या आजीला हाक मारायला मात्र त्यांच्याकडे नाव नाही.

आणि जहाज लागलं तेव्हा किनाऱ्यावर जे होते त्यांचं काय? केप कॉडवरच्या मॅशपी वाम्पानोआग लोकांनी १९७६ मध्ये आपल्या जमिनीसाठी दावा लावला. १९७८ मध्ये ज्यूरीने सांगितलं, तुम्ही सलगपणे जमात म्हणून टिकलेलाच नाहीत. मग केंद्र सरकारकडून मान्यता मिळवायची तर वंश कागदोपत्री सिद्ध करणं आलं. १८६१ मध्ये जॉन मिल्टन अर्ल नावाच्या आयुक्ताने मॅसॅच्युसेट्समधल्या मूळ रहिवाशांचा अहवाल छापला होता. त्यात मॅशपीतल्या घराघरांची यादी आहे. आपला माणूस त्या यादीत दाखवायचा आणि तिथून खाली आपल्यापर्यंत यायचं. मान्यता मिळाली २००७ साली.