ऊर्जा नष्ट होत नाही, मग धसकटं पेटवल्यावर ती जाते कुठे?

हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यातलं डोंगरकडा. केळी आणि हळदीचा हा पट्टा. रब्बीत हरभराही पेरला जातो. ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते, हे शाळेत सगळ्यांनी वाचलंय. शिवारात हा नियम कसा चालतो, ते हरभऱ्याच्या एका झाडावरून समजून घेऊ.

सुरुवात उन्हापासून. पानांवर पडणाऱ्या उन्हातली साधारण १ ते २ टक्केच ऊर्जा पीक स्वतःत साठवतं. हरभरा घाटेअळी खाते, अळीला साळुंकी टिपते आणि साळुंकीवर शिक्रा झडप घालतो.

१० टक्क्यांचा हिशोब

प्रत्येक पायरीवर साधारण १० टक्केच ऊर्जा पुढे जाते. हरभऱ्यात १००० युनिट असतील, तर अळीत १००, साळुंकीत १० आणि शिक्र्यात फक्त १. अमेरिकी शास्त्रज्ञ रेमंड लिंडमन यांनी तळ्याच्या अभ्यासातून १९४२ साली या विचाराचा पाया घातला. आकडा ढोबळ आहे, प्रत्यक्षात तो कमी-जास्त होतो.

मग बाकीची ९० टक्के?

काही भाग खाल्लाच जात नाही, काही विष्ठेतून मातीत जातो. बराचसा भाग जगण्यात, हालचालीत खर्च होतो आणि उष्णता बनून हवेत जातो. हिशोबात एकही युनिट हरवत नाही, पण ही उष्णता पुन्हा पानात भरता येत नाही. म्हणूनच शिवारात अळ्या हजारोंनी दिसतात आणि शिक्रा एखादाच.

धसकटं जाळल्यावर काय होतं?

काढणीनंतर उरलेली धसकटं, पालापाचोळा, केळीचे खांब यांतही ऊन साठलेलं असतं. गांडुळं, बुरशी आणि जिवाणू त्यावरच जगतात आणि माती भुसभुशीत ठेवतात. काडी लावली की महिनोन्‌महिने पुरणारी ही शिदोरी काही मिनिटांत उष्णता होऊन उडून जाते. सोबत बहुतेक नत्रही धुरातून जातो. पालाश राखेत उरतो, पण राखेवर जिवाणूंचं पोट भरत नाही.

हेच अवशेष कुट्टी करून मातीत मिसळले, तर त्यांतली अन्नद्रव्यं पुढच्या पिकाला पुन्हा मिळतात. ऊर्जा मात्र परत फिरत नाही. ती रोज नव्याने सूर्याकडूनच यावी लागते. आलेली ऊर्जा मातीतल्या जिवांच्या कामी आणायची की धुरात घालवायची, एवढंच शेतकऱ्याच्या हातात असतं.