गोव्याहून गेलेला गेंडा आणि त्याच्या प्रती

गेल्या वर्षीं चित्रकलेच्या तासाला मीं आठवीच्या मुलांना मगर काढावयास सांगितलें. आपलें महाड सावित्रीच्या कांठीं. पोलादपुराकडून येणाऱ्या या नदीच्या पात्रांत मगरी आहेत, आणि उन्हांत कांठावर स्वस्थ पडलेली मगर येथील मुलांना नवी नाहीं. पण वह्या तपासूं लागलों तों बहुतेकांच्या मगरीला हातभर लांब, काठीसारखें निमुळतें तोंड! असें तोंड उत्तरेकडील गंगेंतल्या सुसरीचें. आपल्या मगरीचें तोंड रुंद व आखूड असतें. चौकशी करतां उलगडा झाला. वर्गांत प्राण्यांचा एक छापील तक्ता टांगलेला होता व त्यांत सुसरीचें चित्र होतें. मुलांनीं नदी सोडून तक्ता पाहिला होता. (आमच्याकडे मगरीलाहि सुसर म्हणण्याची चाल आहे, तीहि या घोटाळ्यास थोडीशी कारण झाली असावी.)

मी मुलांवर रागावलों नाहीं. कारण हीच चूक साऱ्या युरोपखंडानें सव्वादोनशें वर्षें केली, आणि ती एका फार थोर चित्रकाराच्या चित्रावरून झाली. त्या हकीकतीचा आरंभ आपल्या कोंकणपट्टीच्याच दक्षिणेस, गोव्यास होतो.

सन १५१४ मध्यें गोव्याचा पोर्तुगीज अधिपति आफोन्सो द आल्बुकर्क यानें गुजराथचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याच्याकडे वकील पाठवून दीव येथें किल्ला बांधण्याची परवानगी मागितली. परवानगी मिळाली नाहीं. आहेर म्हणून एक जिवंत गेंडा मात्र मिळाला. एवढें जनावर गोव्यांत ठेवून करावयाचें काय? आल्बुकर्कनें तें आपला राजा मॅन्युएल याला नजर म्हणून धाडलें. १५१५ च्या जानेवारींत जहाज गोव्याहून निघालें आणि सुमारें चार महिन्यांनीं, २० मे रोजीं, लिस्बन बंदरास लागलें. रोमन बादशाहीनंतर हजाराहून अधिक वर्षें युरोपांत कोणीं जिवंत गेंडा पाहिला नव्हता. हत्ती व गेंडा यांचें हाडवैर असतें असें प्राचीन ग्रंथांत लिहिलेलें होतें, तें पारखण्यासाठीं राजानें दोघांना समोरासमोर उभें केलें. हत्तीनें पळ काढला. पुढें राजानें हा गेंडा रोमला पोप दहावा लिओ यांच्याकडे भेट म्हणून पाठविला. परंतु १५१६ च्या आरंभीं इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळांत जहाज बुडालें. गेंडा पोहणारा प्राणी खरा, पण त्याला सांखळ्यांनीं जखडलेलें होतें. तो बुडून मेला.

इकडे जर्मनींतील न्युरेंबर्ग शहरीं आल्ब्रेक्ट ड्यूरर या चित्रकाराच्या हातीं लिस्बनहून आलेलें गेंड्याचें वर्णन व एक साधें रेखाटन पडलें. ड्यूररनें गेंडा कधींहि पाहिला नाहीं. तेवढ्या आधारावर त्यानें प्रथम शाईनें चित्र काढलें. तें आज लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. मग त्यावरून लांकडी ठसा करविला. ही रीत समजण्यासारखी आहे. गुळगुळीत फळीवर चित्र काढावयाचें, जेथें कागद कोरा राहावयाचा तेथील लांकूड कोरून काढावयाचें, आणि उंच राहिलेल्या रेघांना शाई लावून त्यावर कागद दाबावयाचा. छापखान्यांतील खिळ्याचें अक्षरहि असेंच उंच असतें. म्हणून चित्र आणि मजकूर एकाच वेळीं छापतां येत. रंगीत चित्र काढलें तर तें एका धनिकाच्या भिंतीवर जातें. ठसा असला तर एकाच चित्राच्या हजारों प्रती बाजारांत जातात. ड्यूररच्या हयातींतच या गेंड्याच्या चार-पांच हजार प्रती खपल्या असाव्या, असा जाणत्यांचा अंदाज आहे.

चित्र मोठें डौलदार आहे. मान खालीं घालून उभा राहिलेला तो प्राणी जणू लढाईस निघालेला चिलखती वीर. पण कातडीच्या घड्यांच्या जागीं पोलादी पत्रे दिसतात, पायांवर माशासारखे खवले आहेत, आणि मानेच्या मागें, पाठीवर, एक लहानसें पीळदार शिंग उगवलें आहे. असें शिंग कोणत्याहि गेंड्याला नसतें. वरच्या मजकुरांत गेंडा आल्याचें सालहि १५१५ ऐवजीं १५१३ असें पडलें आहे. प्रत निघाली कीं चूकहि तिच्याबरोबर निघते. झुरिकच्या कोनराड गेस्नरनें १५५१ सालीं प्राण्यांवरील आपल्या विख्यात ग्रंथांत हेंच चित्र घेतलें. त्यावरून दुसऱ्यांनीं घेतलें, त्यावरून तिसऱ्यांनीं. मूळ फळीहि हातोहात फिरली. सतराव्या शतकांत ॲम्स्टरडॅम येथें तिच्यावरून प्रती काढल्या तेव्हां तिला किडीचीं भोंकें पडलीं होतीं व गेंड्याच्या पायांतून चीर गेली होती. तरी पाठीवरचें शिंग शाबूत! १७४१ सालीं क्लारा नांवाची हिंदुस्थानांतील एक गेंडीण हॉलंडांत उतरली व पुढें युरोपभर फिरली, तेव्हां कोठें लोकांचे डोळे उघडले. फ्रेंच चित्रकार ऊद्री यानें १७४९ मध्यें तिला प्रत्यक्ष पाहून तिचें चित्र पूर्ण आकारांत रंगविलें.

याहून मनाला लागणारी गोष्ट निराळीच आहे. त्याच १५१५ सालीं आउग्सबर्गच्या हान्स बुर्क्मायर यानेंहि या गेंड्याचा लांकडी ठसा केला होता. त्यानेंहि प्राणी पाहिला नव्हता. पण त्याच्या गेंड्याच्या पाठीवर शिंग नाहीं, चिलखत नाहीं, आणि पुढच्या पायांना बांधलेला बंधनाचा फांस त्यानें स्पष्ट दाखविला आहे. खऱ्याच्या अधिक जवळ जाणाऱ्या या चित्राची आज एकच प्रत उरली आहे. ती व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयांत जपून ठेवलेली आहे.

आजच्या प्रती लांकडावरून निघत नाहींत. मधल्या काळांत दगडावरील छाप आला. मळवलीस राजा रविवर्म्यांच्या नांवाच्या छापखान्यांतून निघालेलीं देवादिकांचीं चित्रें आपल्या पणजोबांच्या माजघरांत असत, तीं त्याच जातीचीं, प्रत्येक रंगाला निराळा दगड. हल्लींच्या छापील चित्रावर भिंग धरा, म्हणजे निळ्या, किरमिजी, पिवळ्या व काळ्या ठिपक्यांची दाटी दिसेल. जुन्या ठशाच्या रेघेंत असे ठिपके नसतात; ती सलग असते. आणखी एक पाहावें: मूळ आकार. ड्यूररचा गेंडा सुमारें ३० सेंटिमीटर रुंद आहे. भिंतभर वाढविलेल्या प्रतींत त्याच्या बारीक रेघा दोरखंडासारख्या दिसूं लागतात आणि चित्राची सारी नजाकत जाते. पालकांनीं मुलांसाठीं अशीं चित्रें घेतांना झगझगीत चौकटीपेक्षां खालीं चित्रकाराचें नांव, साल व मूळ आकार दिला आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें, असें मला वाटतें.

मगरीचें चित्र मुलांनीं पुन्हां काढलें. एका शनिवारीं त्यांना नदीवर नेलें, अर्थात् पुलावरून, कांठावर नव्हे. त्या दिवशीं मगर तासभर हलली नाहीं. असा नमुना चित्रकाराला क्वचितच मिळतो! तक्ता काढून त्या जागीं ड्यूररच्या गेंड्याची एक प्रत लावली आहे. त्याच्या पाठीवरील शिंगाभोंवतीं कोणीं तरी पेन्सिलीनें बारीक वर्तुळ काढलें आहे. तें मीं पुसलें नाहीं.