रात्री पाय स्वस्थ पडू देत नाहीत? निदानासाठी स्लीप स्टडी लागतेच असं नाही

नांदेड किंवा लातूरहून मुंबईला निघालेली रात्रीची ट्रॅव्हल्स. दिवे बंद होतात, सगळे झोपतात. पण एखाद्याला पाय एका जागी ठेवताच येत नाहीत. घरीही तेच. अंथरुणावर पडलं की पाय वळवळतात, उठून चार पावलं चाललं की बरं वाटतं. 'थकवा असेल, कॅल्शियम कमी असेल' म्हणून वर्षं निघून जातात. हा रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम, म्हणजे आरएलएस असू शकतो.

निदान कसं होतं?

हा आजार सिद्ध करणारी एकही मशीन नाही. डॉक्टर नीट विचारपूस करतात आणि पाच गोष्टी जुळतात का ते पाहतात:

१. पाय हलवण्याची अनावर इच्छा
२. बसल्यावर, पडल्यावर त्रास वाढणं
३. हालचाल केली की आराम
४. संध्याकाळी, रात्री त्रास जास्त
५. दुसऱ्या कारणाने हे होत नसल्याची खात्री

पोटरीत गोळा आला तर स्नायू दगडासारखा होतो. मधुमेहात नसांना इजा झाली असेल, तर जळजळ-मुंग्या चालूनही फारशा कमी होत नाहीत. हे आरएलएस नव्हे.

मग स्लीप स्टडी कशासाठी?

या तपासणीत रात्रभर मेंदूच्या लहरी, श्वास, ऑक्सिजन आणि पायांची हालचाल नोंदवतात. आरएलएसच्या सुमारे ८० टक्के रुग्णांचे पाय झोपेत ठरावीक अंतराने झटके देतात. पण असे झटके आरएलएस नसलेल्यांनाही, विशेषतः उतारवयात, येतात. म्हणून एकट्या रिपोर्टवर निदान होत नाही. मोठं घोरणं, झोपेत श्वास अडकणं किंवा निदानाबद्दल शंका असेल, तर मात्र स्लीप स्टडी उपयोगी ठरते.

आधी कोणती तपासणी?

रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन नॉर्मल असूनही तो कमी असू शकतो. आरएलएस असलेल्या प्रौढांमध्ये फेरिटिन ७५ किंवा त्याहून कमी असेल, तर डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. गोळ्या मनाने सुरू करू नका. गरोदरपण, किडनीचा आजार, ॲलर्जीच्या किंवा नैराश्याच्या काही गोळ्या यांनीही त्रास वाढतो. डॉक्टरांना ते सांगा, पण औषध परस्पर बंद करू नका.

म्हणून हैदराबाद किंवा पुणे गाठण्याआधी जवळच्या फिजिशियनकडे किंवा नांदेड-लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या ओपीडीत जा. 'पाय दुखतात' एवढंच सांगू नका. कधी सुरू होतं आणि कशाने थांबतं, तेही सांगा. निदान तिथूनच सुरू होतं.